ओठ उचलून बघा: नोमा म्हणजे काय आणि तो हिरडीतच कसा अडवायचा

डिसेंबरातली सकाळ होती. बेळगाव जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या एका गावाबाहेर ऊसतोड टोळी उतरली होती, वीसेक कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, पहाटे चारलाच फडात गेलेले, मागे राहिलेली पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या बहिणी. आशाताईंबरोबर मी गेले होते. त्यांनी एकेका पोराच्या दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावायला सुरुवात केली. चार वर्षांच्या एका मुलाची पट्टी पिवळ्यावर आली. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो नुसता धरून बसला होता. त्याची आई ताप आल्यामुळे त्या दिवशी कोपीवरच थांबली होती. ती म्हणाली, "दोन दिसापास्नं भाकर चावंना ओ ताई. तोंडाला वास मारतोय."

आशाताईंनी त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच खाली ओढला. पुढच्या दोन दातांमधली हिरडी, जिथं गुलाबी टोक असायला हवं, तिथं राखाडी साय धरल्यासारखी दिसत होती. बोट लागताच रक्त आलं. वास तर हातभर अंतरावरून येत होता.

त्या पोराला नोमा झालेला नव्हता, हे आधीच सांगते. दुपारी त्याला आरोग्य केंद्रात नेलं, औषध मिळालं आणि आठवड्यात तो भाकरी खायला लागला. पण नोमाची सुरुवात नेमकी अशाच हिरडीतून होते. म्हणून हा लेख.

नोमा म्हणजे काय?

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारां'च्या अधिकृत यादीत नोमाची भर घातली. या यादीत कुष्ठरोग, हत्तीरोग, काळा आजार, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं होणारा रेबीज असे आजार आहेत. नोमा धरून ती यादी 21 वर गेली. नायजेरियानं त्यासाठी पुढाकार घेतला आणि तीसहून अधिक देशांनी साथ दिली. 'दुर्लक्षित' या शब्दाचा अर्थ सरळ आहे. ज्यांना हे आजार होतात त्यांच्याकडे पैसा नाही, आवाज नाही, त्यामुळे संशोधन आणि औषधांचा ओघ त्यांच्याकडे वळत नाही.

नोमा हा तोंडातून सुरू होऊन चेहऱ्याचं मांस आणि हाड कुजवणारा आजार आहे. नाव ग्रीक भाषेतलं, अर्थ 'चरत जाणं', जसं जनावर कुरण चरत पुढं सरकतं. तो मुख्यतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांना होतो. उपचार मिळाले नाहीत तर दहापैकी नऊ मुलं दगावतात, आणि तेही काही आठवड्यांत. वाचलेल्यांच्या गालाला, ओठाला, नाकाला भगदाड पडतं. व्रण आवळत जातो तसा जबडा घट्ट मिटतो आणि खाणं-बोलणं अवघड होऊन बसतं.

किती मुलांना होतो? 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज केला होता: वर्षाला 1,40,000 नवे रुग्ण, आणि आजारातून वाचलेली 7,70,000 माणसं. आज पाव शतकानंतरही जगभर हाच आकडा सांगितला जातो. मुलं इतक्या झपाट्यानं आणि इतक्या आडगावी दगावतात की दवाखान्याच्या वहीत त्यांची नोंदच होत नाही. आजार मोजला गेला नाही की त्याच्यासाठी पैसा मिळत नाही, आणि पैसा मिळाला नाही की मोजणीही होत नाही.

ठिणगी आणि पाचट

नोमाचा एकच असा ठरावीक जंतू नाही. क्षयाला क्षयाचा जंतू असतो, तसं इथं नसतं. एरवी कुणाच्याही तोंडात गुपचूप राहणारे अनेक जंतू मिळून हा उत्पात करतात. मग ते आपल्या तोंडात का करत नाहीत?

आपल्याकडे ऊस पेटतो तेव्हा काय होतं ते आठवा. ठिणगी तर नेहमीच कुठं ना कुठं पडत असते, कुणाची विडी, विजेच्या तारांचं घर्षण. पाणी दिलेल्या हिरव्या फडात ती विझून जाते. वाळल्या पाचटावर, म्हणजे उसाच्या सुकलेल्या पाल्यावर, तीच ठिणगी पडली की तासाभरात एकरच्या एकर राख होतो. जंतू म्हणजे ठिणगी. कुपोषणानं शरीराची राखण करणारी ताकद संपलेलं मूल म्हणजे वाळलेलं पाचट. त्यात गोवर, हिवताप किंवा लांबलेली हगवण आली म्हणजे वर वारा सुटला. तोंड धुवायला स्वच्छ पाणी नसेल तर दातांच्या बुडाशी जंतूंचा थर बसतोच.

म्हणून हा आजार एकमेकांना लागत नाही. त्याच ताटात जेवणाऱ्या, त्याच गोधडीत झोपणाऱ्या भावंडाला तो संसर्गानं होत नाही. ते भावंडही तसंच उपाशी आणि अशक्त असेल तर मात्र धोका त्यालाही आहे. हे लोकांना माहीत नसल्यामुळे आफ्रिकेतल्या कित्येक घरांत अशी मुलं शाप लागला, करणी झाली म्हणून कोपऱ्यात लपवली जातात. आपल्याकडेही 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून दवाखान्याआधी दुसरीकडे नेण्यात चार दिवस जातात. नोमात ते चार दिवसच सगळ्यात मोलाचे असतात.

दिवसांचा हिशेब

सुरुवात साध्या सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीनं होते. ही आपल्यापैकी कितीतरी जणांना असते आणि बहुतेकांची पुढं जात नाही. कुपोषित मुलात मात्र पुढची पायरी येऊ शकते. हिरडीला फोड येतो, दातांमधलं हिरडीचं टोक कुजतं, राखाडी पापुद्रा धरतो, तोंडाला दुर्गंधी येते, खाताना दुखतं, लाळ गळते. पहिल्या महायुद्धात खंदकांत आठवडेच्या आठवडे अर्धपोटी, तोंड न धुता राहिलेल्या सैनिकांच्या हिरड्या अशाच कुजायच्या, त्यामुळे या अवस्थेला इंग्रजीत 'खंदकातलं तोंड' असं नाव पडलं.

इथून पुढं घड्याळ वेगानं फिरतं. गाल किंवा ओठ सुजतो, ताप चढतो. सुजेमुळे बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि बुजतात. कालव्याचं उदाहरण घ्या. हिडकल धरणाचं पाणी सुटलं तरी मधे पाट तुंबला असेल तर शेवटच्या टोकाच्या रानाला थेंब पोचत नाही, आणि तिथलं पीक उभ्या उभ्या वाळतं. गालाच्या त्या भागाला रक्त पोचणं थांबतं, तो भाग मरतो, काळा पडतो. सुजेपासून गालाला भोक पडेपर्यंत कधी कधी काही दिवसच लागतात. त्यानंतर औषधानं जीव वाचवता येतो, गेलेला गाल परत येत नाही. त्यासाठी व्रण भरल्यावर, पुष्कळ महिने थांबून, अवघड शस्त्रक्रिया कराव्या लागतात, आणि त्या करणारे हात जगात फार थोडे आहेत. वायव्य नायजेरियातल्या सोकोटो इथं खास नोमाच्या मुलांसाठी रुग्णालय आहे. 2014 पासून 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ही संस्था तिथं मदत करते. लहानपणी नोमातून वाचलेल्या मुलिकत ओकनलावन त्याच रुग्णालयात काम करतात. फिदेल स्ट्रुब या दुसऱ्या वाचलेल्या माणसाबरोबर त्यांनी नोमातून वाचलेल्यांची 'एलिसियम' ही संघटना उभी केली. आजाराला अधिकृत यादीत जागा मिळावी म्हणून ही माणसं स्वतःचा चेहरा घेऊन जगापुढं उभी राहिली.

मग इलाज काय?

या आजाराबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते याच उत्तरानं. हिरडीच्या पायरीवर इलाज अगदी साधा आहे. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही दोन जुनी, स्वस्त, रोजच्या वापरातली प्रतिजैविकं, क्लोरहेक्सिडिनसारखं तोंड धुण्याचं औषध, जीवनसत्त्व अ आणि प्रथिनं असलेला भरपूर आहार. एवढ्यावर आजार थांबतो, आणि चेहऱ्यावर खूणसुद्धा राहत नाही.

ही नावं वाचून दुकानातून गोळ्या आणून देऊ नका, ही हात जोडून विनंती. मुलाच्या वजनावर मात्रा ठरते, आणि त्याला दुसरं काय झालंय हेही बघावं लागतं. घरी करायचं ते एवढंच: पाणी उकळून कोमट करा, त्यात चिमूटभर मीठ घाला. मोठं मूल चूळ भरेल. लहान असेल तर स्वच्छ मऊ कापड त्या पाण्यात भिजवून हिरड्या हलक्या हातानं पुसा. पातळ, मऊ, पौष्टिक खाऊ घाला. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. गालाला सूज दिसली तर आठवड्याच्या बाजाराची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा. निपाणीचा तंबाखूपट्टा जवळच असल्यामुळे असेल, आपल्याकडे मशेरीची सवय जुनी आहे. हिरडी दुखली की बोटभर मशेरी लावायची. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं कमी होतं आणि बरं वाटल्यासारखं दिसतं. आत रोग चालूच असतो. नुसती धोक्याची खूण पुसली जाते. पोराच्या हिरडीला ती कधीच लावू नका.

"हा तर आफ्रिकेतला आजार, आपल्याला कशाला भीती?"

हा प्रश्न रास्त आहे. नोमाचे बहुतेक रुग्ण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत सापडतात. भारतात तुरळक रुग्णांची नोंद झालेली आहे. बेळगाव जिल्ह्यात साथ आली आहे असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण हा आजार आफ्रिकेचा नाही, गरिबीचा आहे. एकेकाळी तो युरोपातही होता. तिथं लोकांना पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी मिळायला लागलं आणि तो ओसरला, पेनिसिलिन घरोघरी पोचण्याच्याही आधी. मग त्याच युरोपात नाझींच्या छळछावण्यांत, आउशविट्झ आणि बेर्गेन-बेल्सनमध्ये, माणसं उपाशी कोंडली गेली तेव्हा तो परत उगवला. हवा तीच होती आणि माणसंही त्याच खंडातली. फक्त अन्न काढून घेतलं होतं.

आता आपल्याकडचं पाचट किती वाळलंय ते बघू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 मुलांची उंची वयाच्या मानानं खुरटलेली होती, आणि जवळपास 20 मुलांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं. हा सगळ्या राज्याचा आकडा. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर, जिथं पावसाळ्यात ओढे भरले की रस्ता बंद होतो, किंवा ऊसतोडीच्या कोप्यांवर, तुम्हीच अंदाज करा. नोमा तिथवर गेला नाही तरी अशा मुलाची कुजलेली हिरडी त्याचं खाणं बंद पाडते, खाणं बंद झालं की वजन आणखी उतरतं, आणि मग साधी हगवणही जिवावर बेतते. नोमा अडवण्यासाठी जे करायचं त्याचा फायदा नोमा न होणाऱ्या हजार मुलांना होणार आहे.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी बसून घेते आणि सावकाश बोलते. दात पडणार आहेत, हे खरं. पण हिरडी पडणार नाही. हाड पडणार नाही. जो थर दुधाच्या दाताच्या बुडाशी साचतो तो हिरडीलाही चिकटलेला असतो. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत त्या पोराला त्याच दातांनी भाकरी चावायची आहे. दात दुखतो म्हणून डाळ-भाजी, भाकरी बाजूला सारून ते चहात बुडवलेल्या बिस्किटावर राहतं, आणि कुपोषणाची वाट तिथूनच सुरू होते.

पहिला दात दिसला की रोज तो पुसायचा. ब्रश नसला तर ओलं कापड चालेल. लिंबाची कोवळी काडी मोठ्या माणसाला ठीक (आपल्याकडे कडुनिंबाला नुसतं लिंबच म्हणतात), लहान पोराच्या हिरडीला ती टोचते. राख, विटेचा भुगा, मशेरी यातलं काहीही नको. रात्री दात घासल्यावर गोड खायला देऊ नये.

"पोटभर जेवतो की आमचा पोरगा"

जेवतो, पण काय जेवतो? भाकरी आणि चटणी, दुपारी भात, मधे दोनदा चहा. पोट भरतं, म्हणून आईला वाटतं सगळं ठीक आहे. भिंत बांधायला नुसती वाळू दिली तर ढीग होतो, भिंत उभी राहत नाही. प्रथिनं म्हणजे विटा: तूर, मटकी, हुलगे, शेंगदाणे, अंडं, दूध, सुकट. शेवग्याचा पाला, मेथी, पपई, भोपळा यांतून जीवनसत्त्व अ मिळतं, जे तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर धड ठेवतं. यातलं बरंचसं परसात आणि बांधावर आहे. शेवगा तर कितीतरी दारांत उभा असतो. शेंगा आमटीत जातात, पाला शेळीला.

अंगणवाडी सगळ्यांना खुली आहे, गावचं मूल असो की टोळीतलं. तिथला गरम आहार, अंडं, 2013 पासून क्षीरभाग्य योजनेतलं दूध, हा कुणाचा उपकार नाही. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या कागदावर पोराचं नाव नसतं, कारण तो कोयते मोजतो. अंगणवाडीच्या यादीत ते असायलाच हवं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर दुसऱ्या गावचं मूल इकडच्या अंगणवाडीत आणून जोडण्याची सोय आहे. सेविकेला तसं विचारा.

गोवराचे दिवस

नोमाच्या आधी बऱ्याचदा गोवर येऊन गेलेला असतो. गोवर शरीरातला जीवनसत्त्व अ चा साठा उपसून काढतो आणि पुढं कित्येक आठवडे पोराची राखण ढिली पाडतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या घरांत पथ्य पाळलं जातं: डाळ नको, तेल नको, अंडं तर नकोच. भक्तीला माझी हरकत नाही. निंबाचा पाला उशाशी ठेवा, नैवेद्य दाखवा, पण पोराचं ताट कमी करू नका. गोवर उतरल्यावर दोन-तीन आठवडे रोज तोंड तपासा.

आणि लस. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. जीवनसत्त्व अ चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी, एकूण 9 वेळा. टोळीतल्या पोरांचे हेच डोस हुकतात. एक गावात लिहिलेला असतो आणि दुसऱ्याच्या वेळी कुटुंब फडात असतं.

"अंगणवाडीच्या बाईंनी आणखी किती कामं करायची?"

त्यांच्या वाट्याला आधीच डोंगराएवढं काम आहे, आणि मानधन किती तुटपुंजं आहे हे मला माहीत आहे. म्हणून नवी नोंदवही, नवं ॲप असलं काही मी सुचवत नाही. दंडाची पट्टी लावतातच. साडेअकरा सेंटिमीटरखाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी. पट्टी लाल किंवा पिवळी आली की त्याच वेळी ओठ वर-खाली उचलून बघायचा. दहा सेकंद लागतात. रक्त, राखाडी साय, वास यातलं काही दिसलं तर त्या मुलाला केंद्रात पाठवायचं.

तसं हे नवंही नाही. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची असतात आणि तपासायच्या आजारांत दातांचे आजार आहेतच. अडचण एवढीच की पथक येतं त्या दिवशी कोपीवरचं पोर हजर नसतं.

हिरडी आणि वसडू

सीमाभागातली एक अडचण तालुक्याबाहेरच्या माणसाला सुचणारही नाही. माय मराठी बोलते, भिंतीवरचा तक्ता कानडीत असतो, डॉक्टर कधी हुबळीकडचे असतात. मध्यंतरी एका केंद्रात एक बाई 'हिरडी, हिरडी' म्हणत होती आणि समोरच्यानं दात दुखतो असं समजून दुखण्याची गोळी देऊन वाटेला लावलं. तोंडात बघितलंच नाही. दोष कुणा एकाचा नव्हता, पण पोर तसंच परत गेलं.

तर हे शब्द पाठ असू द्या. हिरडी म्हणजे कानडीत 'वसडू'. तोंडाचा वास म्हणजे 'बायी वासने'. रक्ताला तिकडंही रक्तच म्हणतात. शब्द सुचला नाही तर पोराचा ओठ स्वतः उचलून दाखवा. 104 या आरोग्य मदतवाहिनीवर फोन करूनही विचारता येतं.

अथणीच्या त्या मुलाच्या आईकडे बीडकडचं माता-बाल कार्ड होतं, घडी पडून फाटायला आलेलं. इथं गरोदर बाईला मिळतं ते तायी कार्ड तिच्याकडे असणार कुठून? आशाताईंनी त्या जुन्या कार्डाच्या मागं निळ्या पेनानं आधी मराठीत आणि खाली कानडीत लिहिलं: हिरडीला संसर्ग, औषध दिलं, दंड पिवळा, एक महिन्यानं तोंड पुन्हा बघणे. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गावी निघाली, तेव्हा ते कार्ड तिनं भाकरीच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेलं मी पाहिलं.